दहा दिवस यीस्ट दिलं, दूध वाढलं नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की महिन्यापूर्वी व्यालेल्या गाईला पचन सुधारून दूध वाढावं म्हणून दहा दिवस जिवंत यीस्टची पावडर दिली आणि दूध होतं तेवढंच राहिलं, मग हे सगळं फसवं आहे का? तीच पावडर वासराला चालेल का, आणि प्रतिजैविकं सुरू असताना द्यावी का, हेही विचारलंय. बरीच वर्षं गाई सांभाळतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक हिशेब बघा. मोठ्या गाईच्या कोटीपोटात (म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटात) शंभर लिटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त माल असतो आणि त्याच्या एकेका मिलीलिटरमध्ये 10 अब्जांच्या घरात जिवाणू. तुमच्या एका मात्रेत 20 अब्ज जिवंत पेशी धरल्या, तरी त्या शंभर लिटरमध्ये पसरल्यावर मिलीलिटरमागे 2 लाख येतात. म्हणजे पन्नास हजारांमागे एक. एवढ्याशा यीस्टने स्वतः चारा पचवावा हे शक्यच नाही. ते करतं ते असं: चाऱ्यापाण्याबरोबर थोडा प्राणवायू पोटात जातो आणि तंतू फोडणाऱ्या जिवाणूंना तो अजिबात सोसत नाही. यीस्ट तो ओढून घेतं, मग ते जिवाणू जोमाने वाढतात. लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंनाही त्याची मदत होते, त्यामुळे पोटाचा सामू (पीएच) फार खाली घसरत नाही, म्हणजे आंबटपणा फार वाढत नाही. सामू 6 च्या खाली गेला की तंतू पचायचं काम मंदावतं.

यीस्ट तिथे वस्ती करत नाही, शेणावाटे निघून जातं. म्हणून रोज द्यावं लागतं, आठवड्यातून दोनदा देऊन उपयोग नाही. (कायमची वस्ती करणारे जिवाणूही आहेत. हवाईतल्या शेळ्या सुबाभूळ भरपूर खाऊन ठणठणीत राहायच्या, ऑस्ट्रेलियातल्या गुरांना मात्र त्यातलं मिमोसिन हे विषारी द्रव्य बाधायचं. शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी 1980 च्या दशकात त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले आणि बाधा थांबली. पुढे 1992 मध्ये त्या जिवाणूला त्यांच्यावरून सिनर्जिस्टिस जोन्सी असं नाव मिळालं. मला आजही याचं फार नवल वाटतं.)

आता तुमची गाय. यीस्टचा गुण दिसतो तो पोटावर ताण असतो तेव्हा: व्यायच्या आधीचे तीन आठवडे, व्याल्यानंतरचे दोन महिने, खुराक वाढवताना, कडक उन्हाळ्यात. तुमची वेळ बरोबर आहे, दिवस कमी पडले. नव्या खाद्याला कोटीपोट सरावायलाच दोन-तीन आठवडे जातात. निदान सहा आठवडे सलग द्या. आणि अपेक्षा बेताची ठेवा. चांगल्या चाचण्यांमध्येसुद्धा सरासरी वाढ दिवसाला लिटरभराच्या आसपासच दिसते. शिवाय व्याल्यावर दीड-दोन महिन्यांपर्यंत दूध आपोआपच चढतं, तेव्हा जमलं तर त्याच सुमाराला व्यालेली दुसरी गाय पावडरीशिवाय ठेवा, म्हणजे तुलना खरी होईल.

दुधाआधी शेण बघा, फरक तिथे आधी कळतो. ओंजळभर ताजं शेण पिठाच्या चाळणीत घ्या आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत नळाखाली धुवा. वर अख्खे दाणे आणि बोटाच्या पेराएवढ्या काड्या राहिल्या तर पचन कच्चं आहे. हीच चाळणी तीन आठवड्यांनी पुन्हा लावा. दुपारी गाई बसलेल्या असताना मोजा: निम्म्याहून जास्त रवंथ करत असल्या पाहिजेत. करत नसतील तर वैरण कमी आणि खुराक जास्त होतोय. ते आधी दुरुस्त करा, कारण ती चूक कुठलीच पावडर भरून काढत नाही.

माझी एक चूक सांगतो. सुरुवातीला मी पावडर गरम आंबोणात कालवायचो, तेही वाफा निघत असताना. दोन महिने मेलेलं यीस्ट खाऊ घातलं. आंबोण हाताला कोमट लागलं की मगच घाला. पिशवीचं तोंड घट्ट बांधा, दमट जागी ठेवू नका. गोळी खाद्यात आधीच मिसळलेलं साधं यीस्ट किंवा लॅक्टोबॅसिलस (दही लावणाऱ्या जिवाणूंच्या जातीचे जिवाणू) असेल तर मी भरवसा धरत नाही, गोळी पाडताना बरीच उष्णता लागते. बॅसिलस या दुसऱ्या जिवाणूचे बीजाणू (कठीण कवचातलं सुप्त रूप) मात्र ती सोसतात. विकत घेताना पिशवीवर जिवाणूचं पूर्ण नाव, वाणाचा क्रमांक आणि मुदत संपेपर्यंत हमी दिलेली जिवंत पेशींची संख्या बघा. नुसतं 'पाचक जिवाणू' लिहिलेलं मी घेत नाही.

वासराचं गणित वेगळं आहे. त्याचं कोटीपोट अजून तयार नसतं, दूध सरळ चौथ्या पोटात जातं. तिथे लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू कोमट दुधातून रोज दिले तर पहिल्या काही आठवड्यांतली हगवण कमी व्हायला मदत होते. पण पहिल्या दोन-चार तासांत पोटभर चीक पाजला नसेल तर याने भागणार नाही. हगवण लागलीच तर आधी क्षार-साखरेचं पाणी पाजा. शेणात रक्त दिसलं किंवा वासराने दूध तोडलं तर डॉक्टरांना लगेच बोलवा.

प्रतिजैविक सुरू असताना बहुतेक जिवाणू-पावडरी वाया जातात, त्या कोर्स संपल्यावर सुरू करा. यीस्ट ही बुरशी असल्याने जिवाणूंवरच्या औषधाने मरत नाही, तुमचं यीस्ट चालू ठेवायला हरकत नाही. फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला.

आज संध्याकाळचं शेण चाळून बघा, वर काय राहिलं ते इथे लिहा. सोबत गाईला रोज किती खुराक आणि किती वैरण पडते तेही कळवा, मग पुढचं सांगता येईल.