गिझाचा पिरॅमिड आणि कान्हेरीची लेणी: तुलना करायची तर कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही इजिप्तची सहल करून आलात, गिझा बघून थक्क झालात, नंतर पाहुण्यांना घेऊन घारापुरीला गेलात आणि मनात तुलना सुरू झाली. पिरॅमिड साडेचार हजार वर्षांचे, आणि मुंबईतली सगळ्यात जुनी लेणी दोन हजारांच्या आसपासची. मग मधली अडीच हजार वर्षं आपण मागे होतो का? त्यावर दुसऱ्या एका सदस्यानं लिहिलं की वेरूळचं कैलास आजच्या यंत्रांनीही होणार नाही, म्हणजे आपणच पुढे.

मी बरीच वर्षं लेण्यांमध्ये फिरतो, लोकांना घेऊन जातो. हे दोन्ही मुद्दे हमखास निघतात, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो. दगड किती मोठा आणि किती जुना, यावरून समाज किती पुढारलेला होता ते ठरत नाही. त्या समाजानं आपली माणसं, पैसा आणि अक्कल कशावर लावली, तेवढं मात्र त्यातून कळतं.

पुढे-मागेची शिडी मनातून काढायची असेल तर तुर्कस्तानातलं गोबेक्ली टेपे आठवा. तिथले टी आकाराचे दगडी खांब साडेपाच मीटरपर्यंत उंच आहेत, त्यांवर कोल्हे, साप, गिधाडं कोरलेली आहेत आणि काळ इ.स.पू. 9500 च्या आसपासचा. ज्यांनी ते उभे केले त्यांच्याकडे धातू नव्हता, चाक नव्हतं, मातीची भांडीसुद्धा नव्हती. शिकार करून आणि रानातलं धान्य गोळा करून राहणारे लोक ते. निव्वळ वयावर नंबर लावायचा ठरवला तर गिझासुद्धा त्यांच्यापुढे सात हजार वर्षांनी 'मागे' पडतो. असा नंबर लावून हाती काय लागतं?

आता गिझा. खुफूचा पिरॅमिड इ.स.पू. 2560 च्या सुमाराचा, मूळ उंची 146 मीटर, दगड अंदाजे 23 लाख, आतल्या दालनाचा ग्रॅनाइट 800 किलोमीटरवरच्या आस्वानहून नाईलमधून आणलेला. हे तुमच्या गाईडनं सांगितलंच असेल. मला त्याहून मोलाची वाटते ती 2013 साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला सापडलेली मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी. तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरले, अमुक ठिकाणी मुक्काम केला, गिझाला उतरवले, पुन्हा रिकामी नाव घेऊन निघालो, असं सगळं त्यानं पपायरसवर रोजच्या रोज टिपून ठेवलंय. पिरॅमिडमागची खरी ताकद इथे दिसते: एका राजाच्या हुकमाखाली धान्य, नावा, माणसं आणि हिशेब हे सगळं वर्षानुवर्षं चालू ठेवणं. शिवाय हे काम एका झटक्यात जमलेलं नाही. खुफूचा बाप स्नेफ्रू, त्याच्या दहशूरच्या पिरॅमिडचा उतार अर्ध्यावर 54 अंशांवरून 43 वर आणावा लागला, म्हणून तो वाकडा दिसतो. पुढचा पिरॅमिड त्यानं पायापासूनच 43 अंशांच्या आसपास ठेवला. त्या अनुभवाच्या जोरावर मुलानं गिझा उभारला.

त्याच शतकांत आपल्या उपखंडात मोहेंजोदडो भरात होतं. 1:2:4 प्रमाणातल्या भाजक्या विटा, घरोघरी न्हाणीघर, गल्लीतून जाणारी झाकलेली गटारं, शेकडो विहिरी, आणि डांबराचा थर देऊन पाणी अडवलेलं साधारण 12 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद स्नानकुंड. सिंधूच्या गाळाच्या मैदानात दगड दुर्मीळ, म्हणून वीट. कच्छच्या धोलावीरात दगड हाताशी होता, तर तिथे त्यांनी दगडच वापरला. पण कशासाठी? तट आणि पाण्याचे तलाव. पूर्वेकडचा तलाव 73 मीटर लांब आणि 29 मीटर रुंद आहे. राजाची भव्य कबर मात्र कुठेच सापडलेली नाही. या लोकांना मोठं बांधता येत नव्हतं असं कोण म्हणेल?

महाराष्ट्रात त्या काळी दगडी स्मारकं नव्हती, हे तुमचं बरोबर आहे. इथली सुरुवातीची शेती करणारी गावं त्यानंतरची. शिरूरजवळच्या इनामगावात इ.स.पू. 1600 नंतरची मातीची घरं निघाली आणि पुराचं पाणी वळवायला केलेला बांध व पाटही निघाला. मग लेणी एवढ्या उशिरा का? मला दिसणारी कारणं अगदी जमिनीवरची आहेत. आपला कातळ बेसॉल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, चुनखडीच्या मानानं फार कडक. तांब्याच्या छिन्नीनं त्यात खोल्या निघत नाहीत, चांगलं लोखंड लागतं. ते इ.स.पू. पहिल्या सहस्रकात इथे आलं. विदर्भात दगडी वर्तुळांखाली माणसं पुरणारे लोक लोखंड वापरत होते, नागपूरजवळ नैकुंडला त्यांची लोखंड गाळायची भट्टीच सापडली. पुढे सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं गजबजली, घाटवाटांनी माल चढू-उतरू लागला, हाती पैसा आला. आणि पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहणाऱ्या भिक्खूंना न गळणारा निवारा हवा होता. लोखंड, पैसा आणि गरज एकत्र आल्यावर दोनशे-तीनशे वर्षांत भाजे, कार्ले, नाशिक, कान्हेरी एकामागोमाग उभी राहिली. कार्ल्याच्या चैत्यगृहावर, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहावर, वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे, त्यात त्यानं 'हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह' असं कोरवून घेतलंय. तुलनेची हौस तेव्हाही होतीच.

कान्हेरीबद्दल मात्र मला जास्त लिहायचंय, कारण ती आपल्या अंगणात असून मुंबईकरांना सगळ्यात कमी माहीत आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभरावर लेणी, आणि वापर इ.स.पू. पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, सुमारे 26 मीटर लांब. त्याचा खर्च राजानं केलेला नाही, दोघा व्यापारी भावांनी केला. दारातल्या लेखात देखरेख करणाऱ्या भिक्खूंची नावं आहेत, आणि शेवटी पाथरवटांचा, दगड घोटून गुळगुळीत करणाऱ्या कारागिराचाही उल्लेख आहे. आत गेलात की खांब नीट बघा. काहींना खाली कुंभ, वर हत्तींची शिल्पं, आणि बाकीचे नुसते अष्टकोनी, साधे. काम कुठे थांबलं ते डोळ्यांनी दिसतं. इतर लेखांत कल्याणचा लोहार भेटतो, सोपाऱ्याचा मणिकार भेटतो, भिक्खुणी भेटतात. कुणी पायवाट दिली, कुणी पाण्याचं टाकं, कुणी खोली. एका लेखात भिक्खूंच्या वस्त्रांसाठी शेताचं उत्पन्न लावून दिलंय आणि ते शेत ज्या गावचं, ते आपलं मागाठाणे. मेट्रोनं तुम्ही तिथून रोज जात असाल.

आणि पाणी! लेण्याच्या दर्शनी भागाच्या वरच्या कातळात बघा, हातभर लांबीपासून कितीतरी मोठ्या पन्हळी कोरलेल्या दिसतील. डोंगरावर पडलेलं पाणी त्या गोळा करतात, दाराशी येणारी धार बाजूला काढतात आणि अंगणातल्या टाक्यात सोडतात. टाक्याचं तोंड लहान, चौकोनी, आत पोकळी मोठी, म्हणून ऊन लागत नाही. बहुतेक लेण्यांना आपापलं टाकं आहे, त्यामुळे एका टोकाला बिघाड झाला तरी बाकीच्यांचं अडत नाही. याच डोंगररांगेत ब्रिटिशांनी 1860 साली विहार आणि 1879 साली तुळशी तलाव पुरे केले. इथल्या पावसाचा हिशेब त्यांच्या सतराशे वर्षं आधी कुणीतरी मांडला होता. गिझाच्या शेजारी ठेवायची असेल तर मी ही व्यवस्था ठेवीन. तिथे एका राजाच्या मरणोत्तर प्रवासासाठी देश राबला, इथे शेकडो छोट्या देणग्यांवर एक वसाहत हजार वर्षं नांदली. दोन्ही थोर आहेत, आणि दोन्हींत वेगळी अक्कल आहे.

आता कैलासबद्दल. त्या सदस्यांचा अभिमान मला समजतो, माझाही तोच आहे. पण 'आजही अशक्य' म्हटलं की ज्यांनी ते केलं त्या पाथरवटांचं श्रेय कमी होतं आणि परग्रहवासीयांच्या गोष्टींना वाट मिळते. साधं गणित करू. काढलेला दगड दोन लाख टन धरा, काम वीस वर्षं, वर्षाला 300 दिवस. रोज 33 टन निघतात. तीनशे माणसं लावली तर माणशी 110 किलो. चर मारून, पाचर ठोकून ढलपे उडवणाऱ्या सराईत माणसाला हे जमण्यासारखं आहे. अवघड गोष्ट वेगळीच आहे. काम वरून खाली चालतं, म्हणजे शिखर आधी आणि जोतं शेवटी. पहिला घाव घालताना तळाचा हत्ती कुठे येणार हे ठरलेलं हवं, कारण चुकून उडालेला दगड परत लावता येत नाही. आस्वानला 42 मीटरचा एक ओबेलिस्क, म्हणजे एकसंध दगडाचा निमुळता स्तंभ, असाच खाणीत पडून आहे, कोरता कोरता तडा गेला आणि सोडून द्यावा लागला. कैलासमध्ये तसं झालं नाही, यात मोठेपण आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या या देवळाबद्दल इ.स. 812 च्या वडोदरा ताम्रपटात म्हटलंय की देवांनाही ते पाहून नवल वाटलं आणि घडवणारा शिल्पी स्वतःच 'हे माझ्या हातून झालं कसं' म्हणून थक्क झाला.

घारापुरी तुम्हाला लहान वाटली, कारण तुम्ही ती गिझाच्या लांबीरुंदीनं मोजलीत. सदाशिवाची मूर्ती साडेपाच मीटरच्या आसपास, सहाव्या शतकातली, आणि तीन मुखांवर तीन वेगळे भाव: तुमच्या डावीकडे उग्र अघोर, मध्ये शांत तत्पुरुष, उजवीकडे कोमल वामदेव. पुढच्या वेळी सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक धरा, गर्दी व्हायच्या आत अर्धा तास तिथेच बसा. आणि ज्या दगडी हत्तीमुळे बेटाला एलिफंटा म्हणतात, तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. 1864 साली इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला, मग 1914 साली तुकडे जोडून उभा केला. तोही दाखवा पाहुण्यांना. कान्हेरी आणि घारापुरी दोन्ही सोमवारी बंद असतात, तेवढं ध्यानात ठेवा.

एक विचारायचं राहिलं. गिझाला पिरॅमिडच्या दक्षिणेला कामगारांच्या कबरी आणि त्यांच्या वस्तीतल्या भाकरीच्या भट्ट्या सापडल्या आहेत. तुम्हाला तिकडे नेलं होतं का? फोटो असतील तर इथे टाका.