वाचकांचे प्रश्न : पॅराग्लायडिंगनंतर थेट विंगसूट?

प्रश्न : मी कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलो आहे. आता थेट विंगसूट घालून उडी घेता येईल का? पुढेमागे हरिहरच्या कड्यावरून उडण्याची इच्छा आहे.
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : थेट नाही. विंगसूट म्हणजे हात आणि पायांमध्ये कापडी पंख असलेला उडीचा पोशाख. पॅराग्लायडिंगमध्ये छत्री जमिनीवरच फुगवून घेतलेली असते, तर विंगसूटमध्ये ती वेगाने खाली येताना, पंखांच्या कापडात गुंतलेल्या हातांनी उघडावी लागते. म्हणूनच अमेरिकेतील पॅराशूट संघटना त्याआधी किमान २०० स्कायडायव्हची, म्हणजे विमानातून मारलेल्या छत्री-उड्यांची, अट घालते.

सर्वांत नाजूक क्षण छत्री उघडण्याचा. सूटच्या पाठीमागे हवेचा मंद, घुसळणारा पट्टा तयार होतो आणि मुख्य छत्री ओढून काढणारी छोटी पायलट छत्री त्यात घोटाळू शकते. त्यामुळे ती थोडी मोठी आणि तिला मुख्य छत्रीशी जोडणारी पट्टी लांब ठेवतात. पंख मिटून दोन्ही हात एकाच वेळी मागे न्यावेत, कारण एकच हात गेला की शरीर वळते आणि दोऱ्यांना पीळ बसतो.

राखीव छत्री आपोआप उघडणाऱ्या यंत्रावर विसंबू नका. त्याच्या नेहमीच्या सेटिंगवर ते खाली येण्याचा वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटरहून जास्त असेल तरच चालते आणि विंगसूटधारी अनेकदा त्याहून सावकाश खाली येतो! मनगटावरील उंचीमापकाबरोबर कानात इशारा देणारा उंचीमापकही हवा.

हरिहरचा बेत मात्र सोडाच. कड्यावरून उडी मारताना सहसा एकच छत्री असते, आणि ती चुकल्यास दुसरीला वेळ उरत नाही.