व्हॉल्व बंद झाला की आर्डुइनो रिसेट होतो

प्रश्न: सर, ठिबकसाठी टायमर बनवलाय, आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), चार चॅनलचं रिले बोर्ड (रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच) आणि १२ व्होल्टचे डीसी सोलेनॉइड व्हॉल्व (कॉइलने उघडणारे). व्हॉल्व चालू होताना काही होत नाही पण बंद झाला की एलसीडीवर चित्रविचित्र अक्षरं येतात, कधी बोर्डच रिसेट. कोड परत परत तपासला. रिले बोर्डवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) आहे, ऑप्टोकपलर (दोन सर्किट प्रकाशाने जोडून विजेने वेगळी ठेवणारा) पण आहे, मग नॉईज येतो कुठून?
– एक वाचक, निफाड

उत्तर: कोडला हात लावू नका. ‘बंद झाला की’ असं तुम्ही लिहिलंत ना, त्यातच निम्मं उत्तर आहे. रिलेचा कॉन्टॅक्ट उघडला की व्हॉल्वच्या कॉइलमधला करंट एकदम तुटायला बघतो, कॉइल तो तुटू देत नाही, ती उलट दिशेचा व्होल्टेज तयार करते आणि १२ व्होल्टच्या कॉइलवर तो सहज शंभराच्या वर जातो, मग कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पडते आणि तिचा नॉईज शेजारच्या सगळ्या वायरींत शिरतो.

आता डायोडचं. बोर्डवरचा डायोड फक्त रिलेच्या स्वतःच्या कॉइलसाठी असतो. व्हॉल्वची कॉइल कॉन्टॅक्टच्या पलीकडे आहे, तिला काहीच संरक्षण नाही! बहुतेकांचं इथेच फसतं. प्रत्येक व्हॉल्वला एक १एन४००७ लावा, पट्टीची बाजू प्लसला, आणि तो डब्यात नको, व्हॉल्वच्या टर्मिनलवरच लावा. उलटा लागला तर थेट शॉर्ट होईल, म्हणून लावण्याआधी दोनदा बघा. डायोडमुळे व्हॉल्व किंचित उशिरा बंद होतो पण ठिबकला त्याने काय फरक पडतो.

ऑप्टोकपलर आहे खरा, पण जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या कॉइलना सप्लाय देणारी बोर्डवरची पिन) व्हीसीसीशी जोडणारा जंपर तसाच असेल तर रिले आणि नॅनो एकाच ५ व्होल्टवर चालतात, मग ऑप्टो असून नसल्यासारखा. जंपर काढा, जेडी-व्हीसीसीला वेगळा ५ व्होल्ट सप्लाय द्या, त्याचा ग्राउंड बोर्डच्या ग्राउंडला, आणि नॅनोकडून फक्त व्हीसीसी आणि इनपुटच्या वायरी न्या, ग्राउंड नाही.

नॅनोची आणि व्हॉल्वची १२ व्होल्टची वायर सप्लायपासूनच वेगळी काढा. एलसीडी ४ बिट मोडमध्ये प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत घेतो, मध्ये एक खोटी पल्स घुसली की पुढचं सगळं सरकतं, म्हणून ती अक्षरं तशीच राहतात. एलसीडीच्या सप्लाय पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाका. वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर बोर्ड आपोआप रिसेट करणारा टायमर) सगळ्यात शेवटी, आधी लावलात तर बिघाड झाकला जाईल आणि खरं कारण कळणारच नाही.

हे सगळं करण्याआधी व्हॉल्वच्या वायरी काढून नुसते रिले वाजवून बघा. तरी रिसेट झाला तर गडबड सप्लायमध्ये आहे, नाही झाला तर व्हॉल्वमध्ये.

प्रश्न: माझे व्हॉल्व २४ व्होल्ट एसीचे आहेत आणि मोटारीचा कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा मोठा रिले) २३० व्होल्टचा. तिथेही डायोडच का?

उत्तर: अजिबात नाही, एसीवर डायोड अर्ध्या सायकलला शॉर्टच करेल. तिथे स्नबर (ठिणगी शोषून घेणारी जोडी) लागतो, १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ (मेन लाइनवर लावायच्या सुरक्षित प्रकारचा) कपॅसिटर सिरीजमध्ये, आणि ही जोडी कॉइलच्या दोन टोकांवर. कॉन्टॅक्टवर लावलीत तर कॉन्टॅक्ट उघडा असतानाही २३० व्होल्टला साधारण ७ मिलिअँपिअर वाहत राहतात आणि छोटा रिले त्यावर सुटतच नाही. आणि एक, शेतातल्या बऱ्याच थ्री फेज स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असते, तिच्यावर काय लिहिलंय ते मेन बंद करून आधी वाचा, तिथे २७५ वाला कपॅसिटर लावू नका.