शॉर्टवेव्हवर (दूरदेशीची केंद्रं पोचवणाऱ्या लघुलहरींवर) आता ऐकण्यासारखं काही उरलंय का? सुरुवात कोणत्या रेडिओनं करावी?

उरलंय. रेडिओचं नंतर सांगतो, आधी त्या "उरलंय का"वर बोलू द्या. ३१ जानेवारी २०२०ला बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्हवरची शेवटची सभा झाली. त्या संध्याकाळी मी आणि मोठेबाबा हरभऱ्याच्या वावरात जागलीला होतो, डुकरांनी पार नासधूस चालवली होती. मोठेबाबांनी उभी हयात ही सभा ऐकली. ती संपली तरी त्यांनी सेट बंद केला नाही, नुसती खरखर ऐकत बसले. नागपूरचे भाऊजी सोबत आले होते. म्हणाले, "आता कायले ठेवता हा डबा? मोबाइलवर सारं येते." मोठेबाबा गप्प. मला मात्र ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी जळालेल्या मोटारीच्या वायंडिंगची तार काढली, टोकाचं वार्निश ब्लेडनं खरवडलं आणि मचाणापासून लिंबापर्यंत दहा-बारा मीटर ओढून सेटच्या एरियलला गुंडाळली. रात्री ३१ मीटरच्या पट्ट्यावर (शॉर्टवेव्हच्या फ्रिक्वेन्सी अशा मीटरच्या पट्ट्यांत वाटलेल्या असतात) सुई फिरवली तर चिनी, अरबी, कुठलीशी प्रार्थना आणि मग स्वच्छ इंग्रजीत रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल, थेट बुखारेस्टहून! मोठेबाबांना इंग्रजी येत नाही, तरी ते अर्धा तास कान लावून बसले. मी तारीख, यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, फ्रिक्वेन्सी आणि काय ऐकलं ते लिहून केंद्राला कळवलं. पुढं त्यांचं क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोच देणारं कार्ड, आलं. ते आजही मोठेबाबांच्या सेटच्या चामडी कव्हरात आहे.

भाऊजींनी नंतर हजारोंचा डिजिटल सेट घेतला, फ्लॅटमध्ये लावला, नुसती घरघर ऐकली आणि "शॉर्टवेव्ह मेली" म्हणून मोकळे झाले. मेली नाही हो! एलईडी बल्ब, चार्जर आणि इन्व्हर्टर तिला दाबून टाकतात. आमच्याकडे लाईट गेली की पट्टा एकदम मोकळा होतो. म्हणून मी म्हणतो, आधी तार आणि शांत जागा, सेट मागाहून. घरात जुना चालू सेट असेल तर तोच लावा. नवाच हवा तर फ्रिक्वेन्सी आकड्यात दाखवणारा टेकसन कंपनीचा लहान सेट पुष्कळ झाला.

अंधार पडल्यावर ४९, ४१, ३१ मीटर फिरवा. दिवसा वातावरणाचा खालचा थर हे पट्टे शोषून घेतो, तेव्हा १९ किंवा १६ मीटरवर जा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी केंद्रं फ्रिक्वेन्सी बदलतात, तेव्हा ओळखीचं केंद्र सापडलं नाही तर सेटला दोष देऊ नका.

भाऊजी हे वाचत असतील तर दिवाळीला तो सेट घेऊन या, माझ्या तारेला लावून पाहू.

एक राहिलंच. बारीक सेटला फार लांब तार लावली तर केंद्रं एकमेकांत मिसळतात. विजेच्या तारांजवळून तर ओढूच नका, आणि आभाळ गडगडलं की आधी ती सेटपासून सोडवा.