नवीन मशीन घेण्याआधी सेटअपचा वेळ मोजा

तुम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवत असाल, तर परदेशी पुरवठादार स्वस्तात माल देतोय म्हणून लगेच नव्या मशीनसाठी कर्ज काढू नका. आधी प्रेसजवळ (पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या मशीनजवळ) उभं राहून डाय, म्हणजे आकार देणारा साचा, बदलायला किती वेळ जातो ते घड्याळ लावून बघा; हाच सेटअपचा वेळ. बहुतेक वेळ बोल्ट शोधण्यात, क्रेनची वाट पाहण्यात आणि शिम (पातळ पट्ट्या) घालून उंची जुळवण्यातच जातो. १९६९ मध्ये टोयोटात १,००० टनी प्रेसच्या सेटअपला चार तास लागत. जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी तो वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. मुख्य युक्ती एकच: जे काम मशीन चालू असताना उरकता येतं, ते मशीन थांबवून करायचं नाही. पुढची डाय आधीच ट्रॉलीवर तयार हवी, सगळ्या डायची उंची सारखी हवी. सेटअप झटपट झाला की लहान लॉट (एका वेळी थोडेच नग बनवणं) परवडतात, गोदामात पैसा अडकत नाही आणि दोष शेकडो नग बनण्याआधीच सापडतो. माझ्या मते रोबोटचा विचार त्यानंतरच करावा.

आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) प्रमाणपत्र तर लागेलच, बहुतेक मोठे ग्राहक त्याशिवाय दारात उभं करत नाहीत. पण कंट्रोल प्लॅन, म्हणजे कुठल्या टप्प्यावर काय आणि कसं तपासायचं याचा तक्ता, फाइलमध्ये ठेवू नका, ऑपरेटरच्या हाताशी लावा आणि तो लिहिताना त्यालाही सोबत बसवा.