एंडोमेट्रिओसिस आहे, आयव्हीएफच्या आधी डॉक्टर ट्रायलमध्ये नाव घालायचं का विचारताहेत. घालू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 34, लग्नाला सहा वर्षं झाली, दोन्ही बाजूंना चॉकलेट सिस्ट आहेत, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढल्याने) अंडाशयात झालेल्या जुन्या रक्ताच्या गाठी. डॉक्टरांनी ज्या ट्रायलबद्दल सांगितलं त्यात काही बायकांना आधी तीन महिने पाळी बंद ठेवणारी इंजेक्शनं देणार, काहींचं थेट आयव्हीएफ करणार. ‘माझ्यावर प्रयोग करताहेत का?’ असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात अशा अभ्यासांची को-ऑर्डिनेटर म्हणून नऊ वर्षं काम करते. बायकांना माहिती सांगायची, सही घ्यायची, मग महिनोन्‌महिने फोन करत राहायचं, हेच माझं काम. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते. तिथल्या तिथे सही करू नका. मराठीतलं माहितीपत्रक मागून घरी आणा. मी पूर्वी जिथे होते तिथे बाई सोनोग्राफीच्या टेबलावर असतानाच तिला विचारायचे, कारण महिन्याचा आकडा पुरा करायचा असायचा. अर्ध्या कपड्यांत, जेल पुसत असलेली बाई ‘नाही’ कशी म्हणणार? तेव्हा मीही गप्प बसले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुमचा प्रश्न. हो, प्रयोग आहे. पण ट्रायलच्या बाहेर जे मिळतं ते सगळं सिद्ध झालेलं असतं असं समजू नका. याच इंजेक्शनांचं बघा. 2006 साली कॉक्रेनच्या (जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) आढाव्यात तीन अभ्यास एकत्र केले होते, मिळून बायका फक्त 165. त्यावरून निघालं की आयव्हीएफच्या आधी तीन ते सहा महिने ही इंजेक्शनं घेतली तर गर्भ राहण्याची शक्यता चौपट होते. त्या भरवशावर किती जणींनी ऐन तिशीत गरम वाफा सोसल्या, महिने घालवले. 2019 मध्ये तोच आढावा पुन्हा झाला, आठ अभ्यास, 640 बायका. आणि निष्कर्ष? फायदा होतो की नाही, खात्रीने सांगता येत नाही. 2022 मध्ये युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने, एश्रेने, ही इंजेक्शनं आयव्हीएफआधी लांबवून देण्याची शिफारसच काढून घेतली.

त्या आठ अभ्यासांपैकी मूल प्रत्यक्ष जन्माला आलं का, हे मोजलेला अभ्यास एकच होता. बाकीचे गर्भ राहिला तिथेच थांबले. आपल्याकडे हे मोजणं किती कठीण, ते मी रोज बघते. सातव्या महिन्यात मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते, सिम बदलतं, डिस्चार्ज कार्ड कुठल्या तरी तालुक्याच्या दवाखान्यात राहतं. एकदा मी अहमदपूरला एकीच्या भावाच्या दुकानात चार वेळा फोन केला. पाचव्यांदा तिच्या आईने उचलला. मागे बाळ रडत होतं. मी वहीत तारीख आणि वजन लिहिलं, 2.6 किलो, आणि फोन ठेवल्यावर पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

‘मला इंजेक्शन नाहीच मिळालं तर?’ ही भीती जवळपास प्रत्येकीला असते. फॉर्ममध्ये ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द असतो, तो कुणालाच कळत नाही. मी सांगते, चिठ्ठ्या टाकतात, कॉम्प्युटर टाकतो. वाईच्या एका बाईने विचारलं, ‘म्हणजे माझ्या वाट्याला काय येणार हे डॉक्टरांनाही माहीत नाही?’ नाही, आणि तसंच असायला हवं. 1997 मध्ये कॅनडात सौम्य एंडोमेट्रिओसिसवर अभ्यास झाला. 25 रुग्णालयांतून 341 बायका जमवल्या होत्या. 172 जणींचे एंडोमेट्रिओसिसचे डाग दुर्बिणीतून काढले, 169 जणींच्या पोटात दुर्बीण घालून नुसतं पाहिलं. वीस आठवड्यांपुढे गेलेली गर्भारपणं पहिल्या गटात 50, दुसऱ्यात 29. त्या 169 जणी तयार झाल्या नसत्या तर पहिल्या गटातल्या 50 या आकड्याला काही अर्थच राहिला नसता.

पण हे सगळं पुढच्या बायकांसाठी झालं. तुमच्या बाजूने बघायचं तर खरी किंमत वेळेची आहे. चौतिसाव्या वर्षी, दोन्हीकडे सिस्ट असताना, तीन महिने म्हणजे थोडे नाहीत. तुमचा एएमएच, म्हणजे अंडाशयात किती अंडी शिल्लक असतील याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा, किती आहे, ते बघा. तो आधीच कमी असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘इंजेक्शनांची चिठ्ठी आली तर माझी आयव्हीएफची सायकल कोणत्या महिन्यात सुरू होईल? आणि मध्ये थांबायचं ठरवलं तर?’ मधूनच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे, कारण न सांगताही, आणि त्यामुळे पुढचे उपचार अडवता येत नाहीत.

पैशांचंही लिहून घ्या. बहुतेक जणींना वाटतं ट्रायल म्हणजे आयव्हीएफ फुकट. अनेकदा फक्त अभ्यासातलं औषध आणि जादा तपासण्या फुकट असतात, सायकलचा खर्च आपलाच. औषधाच्या ट्रायलसाठी आपल्याकडे 2019 चे नियम आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात, सही केलेल्या फॉर्मची प्रत तुमच्या हातात द्यावी लागते. एथिक्स कमिटीचा, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर कागदावर असतो, त्यावर खुशाल फोन करा. सीटीआरआयच्या, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत अभ्यासाचा क्रमांक आहे का, तेही बघा. तो नसेल तर तिथूनच परत फिरा.

आणि सही तुमची. आयव्हीएफसाठी दोघांचीही संमती लागते, पण ट्रायलसाठी तुमच्या शरीराबद्दल तुम्हीच ठरवायचं. सासूबाई ‘घाल गं नाव, पैसे वाचतील’ म्हणाल्या म्हणून आलेल्या एका मुलीला मी बाजूला नेऊन विचारलं, तर तिला इंजेक्शनांचीच धास्ती होती. तिने नाही म्हटलं. पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी तिची नेहमीची सायकल सुरू झाली, डॉक्टर तेच, खोली तीच.

माहितीपत्रक हातात आलं की त्यातला न कळलेला भाग इथे टाइप करा, नाव-पत्ता गाळून. मी वाचून सांगते.