पत्रात 'स्थळ' चार वेळा, मुलगी एकदाही नाही

कराडहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.कॉम., ५६ टक्के. दीड वर्ष एका दिवाणी वकिलांच्या ऑफिसात फोन घेते, पक्षकारांना बसवते, फायली लावते. पगार ११ हजार. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. स्थळं विचारतात तेव्हा काय सांगू? घरी ऑफिसातलं अवाक्षर काढत नाही. वकीलसाहेब म्हणतात, पाच-सात वर्षांत अर्धी वकील होईल. का एमपीएससीला बसवू?'

पत्र दोनदा वाचलं. 'स्थळ' चारदा आलं. तिला स्वतःला काय हवंय, ते कुठेच नाही. मार्कांपेक्षा मला याचीच काळजी वाटली.

'फायली लावते' म्हणजे काय, ते ऐका. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. निकालाची नक्कल, म्हणजे कोर्टाने दिलेली प्रमाणित प्रत, मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात. म्हणून नक्कल कधी मागितली, कधी तयार झाली, या तारखा कुणीतरी जपाव्या लागतात. साहेब कोर्टात उभे असतात, तेव्हा हे 'कुणीतरी' बहुधा तुमची मुलगीच. तारीख हुकली, तर कुणाच्या तरी बांधाचं अपील विलंबमाफीच्या अर्जावर लटकतं. आणि ती घरी बोलत नाही, ही तक्रार तर मागेच घ्या. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं बाहेर न फोडण्याचं बंधन भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने वकिलाच्या कारकुनावरही घातलंय. पोरगी चोख वागतेय.

आता ते 'अर्धी वकील'. असं काही नसतं. ऑफिसात वीस वर्षं काढली तरी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. त्यासाठी एलएल.बी. लागते: पदवीनंतर तीन वर्षं, आधी सीईटी, तिचे ५६ टक्के त्याला पुरेसे आहेत. पत्रद्वारा, घरबसल्या केलेली एलएल.बी. बार कौन्सिल मानत नाही आणि ७० टक्के हजेरी लागते, म्हणजे नोकरीच्या वेळेचं साहेबांशी आधीच बोलावं लागेल. साहेबांचा हेतू चांगला असेलही. पण ११ हजारांत माणूस टिकवायला असं वाक्य फार कामाला येतं.

एमपीएससी तिने मागितलेली नाही, तो विषय सोडा. तिला कोर्टातच सरकारी नोकरी हवी असेल, तर जिल्हा न्यायालयांत कनिष्ठ लिपिकांची भरती निघते. मिनिटाला मराठी ३०, इंग्रजी ४० शब्दांच्या टायपिंगची प्रमाणपत्रं काढून ठेवावीत.

बायोडाटात 'वकिलांच्या कार्यालयात कारकून' असं लिहा. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. नेमणूकपत्र दिलंय का, पगार शेवटचा कधी वाढला, नक्कल-अर्ज आणि रोजनामा (कोर्टातली खटल्याची तारखेवार नोंद) बघायला कोर्टात पाठवतात की टेबलाशीच बसवून ठेवतात, एवढं तिने कळवावं. तुम्ही ते वाचायला मागू नका.